हे औषध नाही

सांगलीत राहून हळदीवर संशय घ्यायचा म्हणजे कोल्हापुरात राहून गुळाला नावं ठेवण्यासारखं. असं कुणी करत नाही. खराड्यांच्या घरात तर नाहीच नाही. त्यांच्या पणजोबांची हरिपूरला पेवं होती. जमिनीखालचे खोल, रांजणासारखे खड्डे, त्यात हळद वर्षानुवर्षं किडीशिवाय राहायची. पुढं पेवं पुरात गेली, पण घराचा पिवळा रंग काही गेला नाही. थोरला रणजित बाजारात अडत चालवायचा. धाकटा धैर्यशील कुपवाडच्या कारखान्यात हळदीचा अर्क काढून त्याच्या कॅप्सूल भरायचा.

आता बाजारातले सौदे पडद्यावर होत असत. कुणी कुठूनही बटण दाबून बोली लावावी. पण हंगामाचा पहिला सौदा मात्र तोंडीच व्हायचा आणि तो पुकारायला रणजितच लागायचा. पोत्यांच्या थप्पीवर चढून त्यानं हाळी दिली की रस्त्यापलीकडच्या चहावाल्याला भाव कळायचा. वृषाली, त्याची बायको, लग्न ठरवायला त्याला बघायला आली तेव्हा आधी त्याचा आवाजच तिनं ऐकला होता. माणूस नंतर दिसला. आवाजावरच होकार दिला, असं ती अजून चेष्टेनं सांगायची.

एवढ्या आवाजाच्या माणसाचं काळीज मात्र लहानपणीच नादुरुस्त झालं होतं. सांधेतापानं हृदयाची झडप गेली आणि तिशीत त्याला धातूची झडप बसवली. शांत खोलीत तिची टिकटिक ऐकू येते. वृषालीला त्या टिकटिकीची इतकी सवय झालेली, की माहेरी गेली तर तिला झोप लागायची नाही.

धातूच्या झडपेची एक खोड असते. रक्ताला ती परकी वाटते, आणि परक्या वस्तूवर साकळायचं हा रक्ताचा धर्मच. म्हणून अशा माणसाला जन्मभर रक्त पातळ ठेवायचं औषध लागतं. रक्त किती पातळ आहे याचा एक आकडा असतो. तुमचा-माझा साधारण एक. रणजितचा अडीच ते साडेतीनच्या मधे हवा. खाली गेला की गुठळी, वर गेला की रक्तस्राव. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या बांधावरून जन्मभर चालायचं.

पूर्वी लोक महिन्या-महिन्याला सुई टोचून आकडा बघत आणि पालकाची भाजीसुद्धा भीत भीत खात. मग ‘समतोल’ आला. गळ्याजवळच्या हाडाखाली, कातडीच्या आत बसवायची नाण्याएवढी चकती. ती रक्ताचा आकडा सतत मोजायची आणि आपल्या पोटातल्या कुपीतून लागेल तेवढंच औषध रक्तात सोडायची. आकडा वर गेला, औषध कमी. खाली गेला, औषध जास्त. फोनवर एक हिरवा ठिपका दिसायचा. ठिपका हिरवा, म्हणजे सगळं बरं. लोकांनी नवस फेडावेत तसे पेढे वाटले होते त्या चकतीचे. रणजितनंही वाटले.

समतोल दर सोमवारी फोनवरून एकच प्रश्न विचारायचा, एका बाईच्या गोड आवाजात. “आपण नवीन औषध सुरू केले आहे का, किंवा एखादे औषध बंद केले आहे का?” खाली दोन बटणं, होय आणि नाही. रणजितचा फोन बहुतेक वेळ वृषालीकडंच असायचा, म्हणून बटण तीच दाबायची.

मग रणजितचा गुडघा दुखायला लागला. पोत्यांवर चढून चढून वंगण संपलं, असं तो म्हणायचा. रक्त पातळ ठेवणाऱ्याला दुखण्याच्या नेहमीच्या गोळ्या चालत नाहीत. त्यानं पोटात रक्त सुटतं. तेव्हा शेक घ्यायचा, तेल चोळायचं, आणि जिना चढताना ‘आई गं’ म्हणायचं, एवढंच हातात होतं.

एक दिवस धैर्यशील डबी घेऊन आला. त्याच्या कारखान्याची नवी कॅप्सूल, ‘कनकसार’. साधी हळद खाल्ली तर तिच्यातला गुण फारसा रक्तात उतरत नाही, पोटातनं तशीच निघून जाते. ह्यानं तिच्यात काळ्या मिरीचा अर्क घालून ती कितीतरी पटीनं अंगी लागेल अशी केली होती.

“दादा, पी हळद नि हो गोरी, असलं मी सांगत न्हाई,” तो म्हणाला. “महिनाभर घे. मग बोल.”

“चालतंय का पण मला?”

“न चालायला काय झालं? आक्काच्या पोटात असल्यापासनं हळद खात आलायस की.”

आक्का म्हणजे दोघांची आई. ती आतल्या खोलीतनं म्हणाली, “घे रं. घरचंच हाय.”

वृषालीनं डबी उलटीपालटी करून बघितली. ती काही अडाणी बाई नव्हती. बँकेत नोकरी केलेली, बारीक अक्षर वाचल्याशिवाय सही न करणारी. डबीच्या मागं कायद्याप्रमाणं ठळक छापलं होतं, ‘हे औषध नाही. आहारपूरक.’ तिचं समाधान झालं. सोमवारी समतोलनं विचारलं, नवीन औषध सुरू केले आहे का? तिनं ‘नाही’ दाबलं.

ती खोटं बोलली नाही. खोटं बोलली असती तर बरं झालं असतं, खोट्याची निदान टोचणी राहते.

महिनाभरात गुडघा खरंच हलका झाला. धैर्यशील अर्ध्या हळकुंडानं पिवळा होणाऱ्यांतला. तो गावभर सांगत सुटला. ठिपका हिरवाच होता. पण हिरव्या ठिपक्याच्या आत काय चाललं होतं ते कुणी बघितलं नाही. रक्त पातळ करणारं औषध शेवटी आपलं यकृतच मोडून बाहेर टाकतं. हळद आणि मिरीच्या त्या भारी अर्कानं यकृताचं हे काम मंदावलं. औषध रक्तात जास्त वेळ रेंगाळायला लागलं, आकडा वर सरकायला लागला. समतोलनं इमानेइतबारे औषध कमी केलं. पुन्हा सरकला, पुन्हा कमी केलं. वर्षभरात रणजितला पूर्वीच्या निम्मंही औषध मिळत नव्हतं. उरलेलं निम्मं काम हळद करत होती, आणि समतोलला हळद ठाऊकच नव्हती.

माघात आक्का गेली. दुपारी जेवून पडली ती उठलीच नाही. सुखाचं मरण, लोक म्हणाले. रणजित मात्र लहान मुलासारखा रडला.

घराला सुतक लागलं. भावकीतल्या बायकांनी स्वयंपाकघर हातात घेतलं. चुलतसासूनं पहिल्यांदा काय केलं असेल, तर मिसळणाचा डबा उचलून फडताळात वर ठेवून दिला. सुतकात फोडणी नाही, हळद नाही. पांढरं वरण, पांढरी भाजी. हळद ही शुभाची, लग्नाची. मढं गेलेल्या घरात ती दहा दिवस डोळ्यांपुढंही नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी वृषालीनं सवयीनं पाण्याचा तांब्या आणि दोन कॅप्सूल रणजितसमोर ठेवल्या. डोकं भादरलेला, खांद्यावर पंचा घेतलेला रणजित त्यांच्याकडं बघत राहिला.

“हळद आहे ही,” तो म्हणाला.

“अहो, कॅप्सूल आहे.”

“आत हळदच आहे ना? आक्का गेली आणि मी हळद खाऊ?”

“गुडघा दुखंल. घाटाच्या पायऱ्या आहेत रोज.”

“दुखू दे. तिच्यासाठी एवढं तरी दुखू दे.”

तिनं डबीही फडताळात ठेवली, मिसळणाच्या डब्याशेजारी. आपण नवऱ्याचं अर्धं औषध उचलून वर ठेवतोय, हे तिच्या स्वप्नातही आलं नाही. ते औषध नव्हतंच. तसं लिहिलेलंच होतं डबीवर.

हळदीचा अंमल दोन-तीन दिवसांत उतरला. यकृत पुन्हा जोमानं कामाला लागलं आणि होतं तेवढं थोडकं औषध भराभर मोडून टाकायला लागलं. आकडा घसरला. समतोलनं औषध वाढवलं, पण ह्या औषधाची गंमत अशी, की ते रक्ताला थेट पातळ करत नाही. ते यकृताला साकळायचा माल नव्यानं तयार करू देत नाही, एवढंच. रक्तात आधीच असलेला माल संपेपर्यंत चार-पाच दिवस जातात. आज वाढवलेलं औषध आज लागू पडत नाही. आणि एका दिवसात किती वाढवायचं ह्यालाही मर्यादा घातलेली होती. कारण कळल्याशिवाय ती ओलांडायची नाही, असं समतोलला शिकवलेलं. म्हणून त्यानं कारण विचारलं.

घरात माणसं मावत नव्हती. सांत्वनाला आलेल्या पाहुण्यांना चहा देता देता वृषालीनं फोन बघितला. ठिपका पिवळा झाला होता. गोड आवाज म्हणाला, “आपण नवीन औषध सुरू केले आहे का, किंवा एखादे औषध बंद केले आहे का?”

तिनं मनातल्या मनात सगळं आठवून बघितलं. नवीन? काही नाही. बंद? काही नाही. तिनं ‘नाही’ दाबलं.

तरी तिला राहवेना. बाथरूमचं दार लावून तिनं इस्पितळाच्या मदतीच्या नंबरला फोन केला. तिथल्या मुलीनं नीट विचारपूस केली. पालेभाज्या जास्त खाल्ल्या का? नाही, उलट साधंच जेवण आहे, सुतक आहे ना घरात. ताप, जुलाब? नाही. नवीन गोळ्या? नाही. “दुःखानं, जागरणानं होतं असं कधीकधी, मॅडम. समतोल डोस वाढवतोय. दोन दिवसांत नाही सुधारलं तर घेऊन या.” दोन दिवसांनी दहावं होतं. दहावं झालं की लगेच नेऊ, असं वृषालीनं ठरवलं.

दहाव्याला कृष्णेच्या घाटावर भाऊबंद जमले. पिंड मांडले, भटजींनी सांगितलं, “माझ्यामागून म्हणा,” आणि रणजितनं म्हणायला तोंड उघडलं.

शब्द आलाच नाही. आला तो वाकडा आला. ‘माता’ म्हणायच्या जागी जिभेवर काहीतरी भलतंच घोटाळलं. त्यानं पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. ज्या माणसाची हाळी रस्त्यापलीकडं जायची, तो आईच्या नावाशी येऊन अडखळत होता. पायरीवर बसलेल्या बायकांनी डोळ्यांना पदर लावले. “आईवर लई जीव हुता,” कुणीतरी म्हणालं. वृषालीलाही हुंदका फुटला. तिलाही वाटलं, दुःखच आहे.

थोड्या वेळानं जीभ सुधारली. विधी उरकले. आंघोळी झाल्या, सुतक फिटलं. पायऱ्या चढताना रणजित गुडघा धरून मटकन खाली बसला. गुडघा सुजून टम्म झाला होता. धैर्यशीलला ते बघवेना. त्यानं खिशातनं कनकसारची डबी काढली.

“फिटलं आता सुतक. घे दादा. दहा दिवसांचं राहिलंय, चार घे एकदम.”

रणजितनं निमूट तोंड उघडलं. धैर्यशीलनं चार कॅप्सूल स्वतःच्या हातानं त्याच्या तोंडात घातल्या, वर पाणी पाजलं. वृषाली ताटं आवरत होती. तिनं हे बघितलं. आणि बघून तिला बरंच वाटलं.

घरी येऊन तासाभरात रणजित खुर्चीतून कलला. उजवा हात लोंबकळला, तोंड एका बाजूला ओघळलं. डोळे मात्र उघडे आणि घाबरलेले.

इस्पितळात डॉ. मुक्ता ऐनापुरे धावतच आल्या. समतोल त्यांनीच बसवला होता. मेंदूचं चित्र निघालं, आणि त्यांनी वृषालीला आणि धैर्यशीलला बाजूला घेतलं.

“झडपेवर गुठळी झाली होती. तिचा तुकडा मेंदूत गेलाय, बोलण्याच्या जागेजवळ. एक इंजेक्शन आहे, गुठळी विरघळवणारं. आत्ता दिलं तर मेंदूचा अडलेला रक्तपुरवठा लगेच सुरू होईल. दर मिनिटाला मेंदूचा थोडाथोडा भाग जातोय, म्हणून पटकन उत्तरं द्या. समतोलचा आकडा खाली आहे, म्हणजे इंजेक्शन द्यायला हरकत नाही. फक्त एक सांगा. दुसरं कुठलं औषध चालू आहे?”

“न्हाई,” धैर्यशील म्हणाला. “औषध कसलंच न्हाई, डॉक्टर.”

तो खोटं बोलत नव्हता. वृषालीची मानही आपोआप हलायला लागली होती, नाही म्हणून.

नर्सनं इंजेक्शनची तयारी चालवली. वृषाली रणजितजवळ गेली. त्याच्या ओघळलेल्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. तिनं पदरानं ती पुसली आणि पदर बघून जागच्या जागी थिजली.

पदर पिवळाधमक झाला होता. एक कॅप्सूल त्याला गिळताच आली नव्हती, गालात राहून ती फुटली होती. म्हणजे घाटावरच त्याचं तोंड गेलेलं होतं. दुःख नव्हतं ते.

आणि त्या पिवळ्या डागाकडं बघताना बाकीचंही सगळं तिच्यापुढं एकदम उभं राहिलं. फडताळातली डबी. पांढरं वरण. पिवळा झालेला ठिपका. “एखादे औषध बंद केले आहे का?” बंद केलं होतं. तिनंच उचलून वर ठेवलं होतं.

“थांबा!” ती किंचाळली. “डॉक्टर, थांबा. हळद खातायत हे.”

नर्सनं चमकून बघितलं. धैर्यशीलनं तिचा दंड धरला. “वहिनी, काय बोलताय? वेळ कसली, आणि हळदीचं काय घेऊन बसलाय!”

“सोडा मला, भावजी. डॉक्टर, ह्यांच्या कारखान्याच्या कॅप्सूल. वर्षभर रोज दोन. सुतकात बंद केल्या, दहा दिवस. आणि आज, आत्ता सकाळी घाटावर, चार.”

“काळी मिरी आहे त्यात?”

“आहे,” वृषाली म्हणाली. “म्हणूनच ती लागू पडते.”

“अहो, ते औषध न्हाई!” धैर्यशील कळवळून म्हणाला. “डबीवर लिवलंय आम्ही. हळद आहे ती, डॉक्टर. हळदीनं कधी कुणाचं वाईट झालंय?”

नर्सला हातानं थांबवून डॉक्टरांनी आणखी एक चाचणी सांगितली. रक्त साकळायला दोन गोष्टी लागतात. एक, यकृतानं तयार केलेला माल, आणि दुसऱ्या, एकमेकींना चिकटणाऱ्या बारीक पेशी. समतोल बघायचा तो पहिल्याचा आकडा. पेशींकडं तो बघतच नाही, आणि हळदीचा असा भारी अर्क त्यांनाही एकमेकींना चिकटू देत नाही. पेशी किती आहेत ते इस्पितळ मोजतं, पण त्या चिकटतात का, हे कुणी मुद्दाम विचारल्याशिवाय तपासत नाहीत.

उत्तर यायला चहा गार होईल एवढाच वेळ लागला असेल. वृषालीला तो जन्मासारखा गेला. ती नवऱ्याचा डावा हात धरून उभी होती. रणजितचे डोळे तिच्या तोंडावरून हलत नव्हते. काहीतरी सांगायचं होतं त्याला, घशातनं नुसती घरघर येत होती. आणि तिला कळत होतं, की ह्या प्रत्येक क्षणाला त्याचा आवाज आत कुठंतरी विझत चाललाय, आणि थांबवलंय आपण.

डॉक्टर परत आल्या. “पेशी चिकटत नाहीत. चार कॅप्सूलचा अंमल आत्ता जोरावर आहे. गुठळी जुनी, हळदीच्या उपवासात झालेली. आणि रक्त आत्ता पुन्हा सैल. हे इंजेक्शन दिलं असतं, तर मेंदूत रक्त सुटायची मोठी भीती होती. मी नाही देऊ शकत.”

“मग?”

“कोल्हापूरला न्यायचं. तिथं मांडीतून नळी घालून गुठळी ओढून काढतात. पण तासभर तरी जाणार.” त्या वृषालीकडं वळल्या. “वृषालीताई, खरं सांगते. जीव वाचेल, असं वाटतंय. बोलण्याचं मला सांगता येत नाही.”

“चला,” वृषाली म्हणाली.

रुग्णवाहिकेत ती त्याच्या उशाशी बसली, धैर्यशील पायाशी. अंकलीचा पूल मागं पडला. समोरची वाहनं आपोआप बाजूला होत होती, रस्ता मोकळा होता, तरी तो संपेना. गाडीतल्या मशिनला धरून बसलेल्या परिचारकाला वृषाली पुन्हा पुन्हा विचारत होती, “किती राहिलं? किती राहिलं हो?” शेवटी त्यानं उत्तर द्यायचं सोडून दिलं.

धैर्यशीलनं दोन्ही हात मांड्यांवर उताणे ठेवले होते. बोटं पिवळी. अर्काच्या कारखान्यात काम करणाऱ्याची ती कधीच धुऊन निघत नाहीत.

“मी पाजलं त्याला,” तो म्हणाला. “माझ्या हातानं.”

वृषालीला त्याचा गळा दाबावासा वाटला. आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं.

“मी बटण दाबलं,” ती म्हणाली. “दोनदा. एकदा सुरू केली तेव्हा आणि एकदा बंद केली तेव्हा.”

“पण ते औषध न्हवतंच, वहिनी.”

“गुडघा कशानं बरा झाला मग?” ती म्हणाली. “बरं करत असेल ते औषधच की, भावजी. डबीवर काहीही लिहा.”

हातकणंगले आलं आणि गेलं. रणजितची घरघर थांबली, तेव्हा तिनं घाबरून कान त्याच्या छातीला लावला. टिकटिक चालू होती. कोल्हापूर येईपर्यंत तिनं कान तिथून काढला नाही.

रणजित वाचला.

हात महिन्याभरात हलायला लागला, पाय त्याच्या आधी. झडपेवरची गुठळी औषधानं हळूहळू विरली. समतोलची कुपी पुन्हा पूर्वीसारखी भरपूर औषध सोडायला लागली. धैर्यशीलनं कनकसारच्या भरायच्या यंत्राला कुलूप लावलं. मग काही महिन्यांनी ते उघडलं, पण आता डबीच्या मागं नाही, पुढं, तांबड्या अक्षरांत छापलं, की रक्त पातळ ठेवायचं औषध घेणाऱ्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय ही सुरूही करू नये आणि बंदही करू नये. कायद्यानं एवढं मागितलं नव्हतं. भागीदार चिडले, तरी त्यानं ते काढलं नाही.

वृषालीनं समतोल बनवणाऱ्यांच्या मागं धोशा लावला. फोन, पत्रं, दोनदा पुण्याची वारी. तुमचं यंत्र हुशार आहे, पण त्याला मराठी घर कळत नाही, एवढंच ती सांगायची. आमच्यात काढा औषध नसतो, लसणाची पाकळी औषध नसते, मेथ्या, आळशी, शेवग्याच्या पाल्याची पूड, काही म्हणजे काही औषध नसतं. ते सगळं घरचं असतं. तुम्ही औषध विचारलंत, तर आम्ही नाहीच म्हणणार. डॉ. ऐनापुरे तिच्या बाजूनं उभ्या राहिल्या. अखेर प्रश्न बदलला.

आणि रणजितचं बोलणं. मेंदूचा तो भाग गेला, की कधीकधी माणसाजवळ एखादाच शब्द उरतो. कुठला उरावा ह्याला काही नियम नाही. कुणाला ‘देवा’ उरतो, कुणाला शिवी. त्याला काहीही विचारा, तोच शब्द बाहेर येतो. कळतं सगळं, डोळ्यांत दिसतं, फक्त तोंडाला दुसरी वाट नसते. डॉक्टरांनी वृषालीला समजावलं होतं, की ह्यात अर्थ शोधू नका.

रणजितजवळ ‘नाही’ उरला.

“पाणी देऊ?” “नाही,” आणि हात भांड्याकडं. “बरं वाटतंय?” “नाही,” आणि ओठावर हसू. वृषाली आता शब्द ऐकत नाही, हात बघते. इंजेक्शन दिलं असतं तर? हा प्रश्न तिला भाकरी थापताना पडतो, केस विंचरताना पडतो. ह्याचं उत्तर डॉक्टरांजवळ नाही, कुणाजवळच नाही. हंगामाचा पहिला सौदा यंदा पडद्यावरच झाला. तिनं त्याला बाजारात नेलं होतं. थप्पीकडं बघून तो मोठ्यांदा म्हणाला, “नाही.” आवाज तोच होता, रस्त्यापलीकडं जाणारा. चहावाल्यानं मान खाली घातली.

सोमवारी सकाळी फोनवर तो गोड आवाज येतो. नवा प्रश्न विचारतो.

“आठवडाभरात तुमच्या पोटात काय काय गेलं? रोजच्यापेक्षा काय जास्त, काय कमी, काय बंद? घरचं असलं तरी सांगा.”

“नाही,” रणजित आधी म्हणून टाकतो.

वृषाली फोन जवळ ओढते. “त्यांचं धरू नका,” ती म्हणते. “मी सांगते.” आणि एकेक करून सांगायला लागते. दोन भाकरी. मेथीची भाजी, एकदाच. ताक. सर्दी झाली म्हणून आल्याचा तुकडा, चहात. लसूण चटणीत, नेहमीएवढाच. ती सांगत असताना रणजित डाव्या हातानं तिचा हात हळूच थोपटतो, आणि बोट मिसळणाच्या डब्याकडं करतो.

“नाही,” तो म्हणतो.

“हो,” वृषाली म्हणते. डोळे पुसते, आणि फोनला सांगते, “आणि हळद. आमटीत. चिमूटभर.”